रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल, तरी गोळी का?

एका ताईंनी विचारलंय, आईचं रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं, मग कॅल्शियमची गोळी कशाला? ताई, ती पातळी शरीर काहीही करून टिकवतं. आहारात कमी पडलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच वाढवतात आणि हे हार्मोन हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. रिपोर्ट चांगला आणि हाडं पोकळ, असं होऊ शकतं. म्हणून पीटीएच आणि व्हिटॅमिन डी दोन्ही तपासा. मॅग्नेशियम फारच कमी असेल तर पीटीएच नीट स्रवत नाही, मग गोळ्या घेऊनही कॅल्शियम चढत नाही.

पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ असेल तर खरं कॅल्शियम ५०० मिग्रॅच. एका वेळी तेवढंच घ्यावं, तेही जेवणासोबत, कारण कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं. आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल (अ‍ॅसिडिटीची गोळी) रोज चालू असेल तर डॉक्टरांना कॅल्शियम सायट्रेटच्या गोळीबद्दल विचारा. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास अंतर हवंच. नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) वाढतो आणि डोस उगाच वाढवला जातो.

पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिग्रॅ लागतं. खानापूरकडे नाचणी घरचीच; १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिग्रॅ. भाकरीबरोबर दोन पेले दूध पोटात गेलं तर बहुधा एकच गोळी पुरते. व्हिटॅमिन डी-३ची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते, ती चुकून रोज देऊ नका. मुतखडा होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.