जुन्या घरगुती संगणकावर स्क्रीनसेव्हर उतरवण्याचे आणि बसवण्याचे अनुभव

आमच्या घरी १९९९ च्या दिवाळीत पहिला संगणक आला. विंडोज ९८, ३२ एमबी रॅम, ५६ के मोडेम आणि काचेच्या नळीचा चौदा इंची मॉनिटर. त्या मॉनिटरच्या पडद्यामागे फॉस्फरचा थर असे. एकच चित्र महिनोन्‌महिने एका जागी राहिले, तर तिथला थर अधिक झिजून त्याचा पुसट ठसा कायमचा उमटे. तो टाळण्यासाठी रिकाम्या वेळी पडद्यावर हलते चित्र ठेवायचे, हा स्क्रीनसेव्हरचा मूळ हेतू होता. रेल्वेच्या आरक्षण खिडकीतल्या पडद्यावर उमटलेले रकाने मी स्वतः पाहिले होते, त्यामुळे हे काम मला निव्वळ हौसेचे कधीच वाटले नाही.

विंडोजसोबत आलेले नळांचे जाळे आणि विटांचा चक्रव्यूह पाहून झाल्यावर मला माशांच्या टाकीचा स्क्रीनसेव्हर हवा होता. फाइल तीन एमबीची होती. सेकंदाला चार-पाच केबी मिळाले, तर दहा-बारा मिनिटांचे काम; पण इंटरनेट आणि दूरध्वनी एकाच तारेवर असल्याने दुसऱ्या खोलीत कोणी रिसीव्हर उचलला की जोडणी तुटे आणि तोवर उतरलेला भाग वाया जाई. तिसऱ्या रात्री, आजी झोपल्यावर, ती फाइल पूर्ण उतरली. झिप उलगडून एससीआर प्रकारच्या फाइलवर राइट क्लिक केले, ‘इन्स्टॉल’ निवडले आणि मासे पोहू लागले. मात्र ती फाइल मी डेस्कटॉपवरच ठेवली होती, त्यामुळे दुसरा स्क्रीनसेव्हर निवडताच मासे यादीतून नाहीसे झाले. फाइल विंडोजच्या सिस्टीम फोल्डरमध्ये ठेवावी लागते, हे नंतर कळले.

आपल्या घरच्या जुन्या संगणकावर फाइल कुठून मिळवली, काय अडले आणि ते कसे सुटले, हे कृपया तपशिलासह लिहावे.

सांगली

आमच्याकडे इंटरनेट नव्हते. मला विंडोजमधल्याच धावत्या अक्षरांच्या स्क्रीनसेव्हरवर मराठी मजकूर हवा होता. विंडोज ९८ मध्ये मराठीची सोय नसल्याने सायबर कॅफेतून शिवाजी हा फाँट फ्लॉपीवर आणला आणि कंट्रोल पॅनेलमधून बसवला. मजकुराच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसे. अक्षरे जशी डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने टंकावी लागत, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. बाबांच्या निवृत्तीच्या संध्याकाळी पडद्यावर ‘आशीर्वाद’ हा शब्द सरकत गेला तेव्हा आई, जी शाळेत मराठी शिकवत असे, काही क्षण पाहत राहिली आणि म्हणाली, “रफार शी वर बसलाय, तो वा वर हवा.” मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. संगणकावर मराठी हलताना तिने त्या दिवशी प्रथमच पाहिली.

नागपूर

एका मासिकासोबतच्या सीडीवरून त्रिमितीय ग्रहमालेचा स्क्रीनसेव्हर बसवला आणि आमचे १६ एमबी रॅमचे यंत्र गोठू लागले. तो काढण्यासाठी सेटिंगची चौकट उघडली, की त्यातला छोटा नमुना आपोआप सुरू होई आणि यंत्र पुन्हा गोठे. शेवटी डॉसमध्ये जाऊन सिस्टीम डॉट आयएनआय या फाइलच्या बूट विभागातली स्क्रीनसेव्हरची ओळ पुसली, तेव्हा सुटका झाली.

ठाणे

माझा अनुभव कटू आहे. विंडोज एक्सपीवर धबधब्याचा मोफत स्क्रीनसेव्हर बसवताना मी न वाचता ‘नेक्स्ट’ दाबत गेलो. त्यासोबत ब्राउझरमध्ये एक पट्टी आली, मुखपृष्ठ बदलले आणि जाहिरातींच्या खिडक्या उघडू लागल्या. स्क्रीनसेव्हर काढला तरी त्या राहिल्या, आणि अखेरीस सी ड्राइव्ह फॉरमॅट करावा लागला. एससीआर फाइल म्हणजे चित्र नव्हे, तो एक संपूर्ण प्रोग्राम असतो आणि इतर कोणताही प्रोग्राम जे करू शकतो ते तीही करू शकते, ही गोष्ट त्या काळी मला कोणी स्पष्ट सांगितली असती तर फार बरे झाले असते.

जुन्नर

आम्ही बसवलेला स्क्रीनसेव्हर म्हणजे १७ मे १९९९ रोजी सुरू झालेला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्राचा सेटी अ‍ॅट होम. पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींचा साधारण साडेतीनशे केबीचा एक संच तो उतरवून घेई आणि संगणक रिकामा असताना त्यात परग्रहावरून आलेला संकेत आहे का, ते तपासत असे. पडद्यावर रंगीत शिखरांचा आलेख सरकत राही. घराजवळच खोडदच्या तीस रेडिओ दुर्बिणी असल्याने वडिलांना या कामाचे मोल ठाऊक होते. एक संच पुरा व्हायला आमच्या यंत्राला एका दिवसाहून अधिक वेळ लागे, तरी विजेच्या बिलावरून ते कधी बोलले नाहीत. नवे संच देणे ३१ मार्च २०२० रोजी थांबले आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीण कोसळली. ती बातमी वाचल्यावर वडिलांनी कपाटातून जुनी फाइल काढली. शंभर संच पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र त्यांनी छापून तिच्यात जपून ठेवले होते.