मेरी कॅसॅटचे प्रिंट आणि आपल्या घरातल्या बाया

तापीकाठ, जळगाव
प्रिंटमेकिंगच्या, म्हणजे प्लेट कोरून त्यावरून चित्र छापायच्या कोर्सच्या, शेवटच्या वर्षाला आहे. विषय घेतलाय घरातल्या बाया, म्हणजे माय दुपारी वेणी घालते, मावशी गच्चीवर बिबड्या टाकते असं. सर म्हणतात यात विषय कुठंय. मी तर मेरी कॅसॅट या पॅरिसमध्ये राहिलेल्या अमेरिकन चित्रकार बाईचे ते दहा रंगीत प्रिंट बघूनच सुरू केलं. तिनं ते केले कसे? आणि बाई आपल्याच नादात असताना तिचं चित्र काढणं म्हणजे डोकावणं होत नाही का?

शाईवाला, भुसावळ
ताई, १८९० ला पॅरिसमध्ये जपानी ठशांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यानं ती भारावून गेली आणि १८९१ ला तिचे हे दहा प्रिंट प्रदर्शनात लागले. जपानी लोक लाकडाच्या ठोकळ्यांवरून छापायचे, हिनं धातूच्या प्लेटा घेतल्या. रेघ ड्रायपॉइंटची, म्हणजे सुईनं सरळ ओरखडायचं, आणि रंगाच्या सपाट जागा अ‍ॅक्वाटिंटच्या, म्हणजे प्लेटवर राळेची पूड बसवून आम्लानं ती बारीक खरबरीत करायची. एकाच प्लेटवर चिंधीच्या बोळ्यानं वेगवेगळे रंग लावायचे, मग अशा दोन-तीन प्लेटा एकाच कागदावर नेमक्या जुळवून छापायच्या, आणि हे सगळं प्रत्येक प्रतीला पहिल्यापासून. एकेका चित्राच्या २५ प्रती काढल्या, सोबत लेरॉय नावाचा छापणारा होता. विषय लहान म्हणून कुणी एवढे कष्ट घेतं का? सरांना हे सांगा.

गोधडी, धुळे
डोकावण्याचं मला असं वाटतं. पत्र लिहून झालेली बाई पाकीट ओठांशी धरून बसलीय, आंघोळ करणारी पाठमोरी वाकलीय, कुणीच आपल्याकडं बघत नाही, कुणी पोज देत नाही, तरी चोरून बघितल्यासारखं वाटत नाही कारण काढणारी त्याच खोलीत बसलेली आहे असं वाटतं. मला सगळ्यात आवडतं ते कपड्याचं माप देणारीचं. शिवणारी खाली गुडघ्यावर बसून घेर नीट करतेय. कष्ट करणारी बाई पण तिथं आहे, ती विसरू नको. आणि मायला विचारून घे गं, तिला दाखव, नको म्हणाली तर ते चित्र ठेवू नको.

तापीकाठ, जळगाव
मायला विचारलंय, ती हो म्हणाली पण चेहरा नको म्हणते, मग पाठमोरीच काढतेय. भाऊ, तांबं परवडत नाही, अ‍ॅक्रिलिक शीटवर ड्रायपॉइंट चालेल का, दहाच प्रती हव्यात.

शाईवाला, भुसावळ
चालेल. फक्त ओरखड्याच्या कडेला जी धार उठते तीच शाई धरते आणि अ‍ॅक्रिलिकवर ती लवकर दबते, तर पुसताना हात एकदम हलका ठेवा आणि कागद आधी भिजवून ओलसर करा.