शब्दचर्चा : ‘वाहतूक स्तर’, ‘पोच’ आणि ‘पोर्ट’

प्रश्न : ऐरोलीत संगणक-जाळ्यांचा विषय शिकवण्यासाठी मी मराठी टिपणे लिहीत आहे. जाळ्याची कामे थरांत (लेयर) वाटलेली असतात; त्यांतल्या ‘नेटवर्क लेयर’ला ‘जाल स्तर’ आणि ‘ट्रान्सपोर्ट लेयर’ला ‘वाहतूक स्तर’ असे शब्द योजले. पण विद्यार्थी दोन्हींची कामे उलटसुलट सांगतात. ‘परिवहन स्तर’ बरा ठरेल का? ‘ॲक्नॉलेजमेंट’ला काय म्हणावे?

उत्तर १ : दोष विद्यार्थ्यांचा नाही. ‘वाहतूक’ म्हटले की ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रक आणि चौक डोळ्यांपुढे येतात. आणि वाटेवरचे ते काम, म्हणजे पॅकेटवरचा (माहितीच्या तुकड्यावरचा) पत्ता वाचून ते पुढच्या राउटरकडे (वाट दाखवणाऱ्या यंत्राकडे) धाडणे, हे नेटवर्क लेयरचे आहे. तिथला आयपी हा नियमसंच (प्रोटोकॉल) पॅकेट पोहोचेलच किंवा क्रमाने पोहोचेल अशी हमी देत नाही. ती उणीव ट्रान्सपोर्ट लेयरवरचा टीसीपी हा नियमसंच दोन टोकांच्या संगणकांवर बसून भरून काढतो : बाइटांना क्रमांक देतो, हरवलेला भाग पुन्हा पाठवतो आणि मागेपुढे आलेले तुकडे जुळवून प्रोग्रामच्या हाती देतो. ‘परिवहन’ने गोंधळ मिटणार नाही; ठाणेकराला त्यातून बसच दिसेल.

‘ॲक्नॉलेजमेंट’साठी ‘पोच’ हा आपला जुना, टपालातला शब्द नेमका आहे. फक्त टीसीपीची पोच प्रत्येक पत्राची वेगळी पावती नसते, हे टिपणात जरूर सांगावे. 1 ते 1000 क्रमांकांचे बाइट मिळाले, तर उलट 1001 हा आकडा येतो. म्हणजे ‘इथवर सगळे पोचले, आता यापुढचे धाडा’. म्हणून या स्तरालाच ‘पोच स्तर’ म्हणावे, असे सुचवतो.

उत्तर २ : ‘पोच’ मान्य, ‘पोच स्तर’ नको. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेला यूडीपी हा दुसरा नियमसंच याच स्तरावर आहे आणि तो पोच मागत नाही. टीसीपी आणि यूडीपी या दोघांत समान आहे तो पोर्ट क्रमांक, 0 ते 65535 यांपैकी एक. त्याला ‘बंदर’ म्हणू नये. न्हावा-शेवा इतके जवळ असताना इथल्या वाचकाला गोदीच आठवेल. वाशीच्या पत्त्यात सेक्टर, प्लॉट आणि इमारत यांनी जे साधते ते आयपी पत्त्याने साधते. इमारतीत शिरल्यावर कोणाचे दार वाजवायचे ते पोर्ट क्रमांक सांगतो. सुरक्षित वेबपानांची मागणी सहसा 443 क्रमांकाच्या दारी जाते. म्हणून पोर्टला ‘दार’ म्हणावे आणि हा स्तर दोन टोकांच्या संगणकांवर काम करतो म्हणून त्याला ‘टोकस्तर’ म्हणावे, असे मला वाटते.