उबग: अर्थ, व्युत्पत्ती आणि वापर

प्रश्न: ‘उबग’ म्हणजे कंटाळाच ना? आणि ‘ऊब’शी त्याचं काही नातं आहे का?

– ऊबशी नातं नाही. ती ऊब, तो उबग. उबगाचं मूळ संस्कृत उद् + विज्, म्हणजे हादरणं, अस्वस्थ होणं. तो थेट ‘उद्वेग’पासून आणायचा मोह होतो, पण ध्वनिनियम आड येतात. दोन स्वरांमधला एकटा ग प्राकृतात गळतो; उद्वेगाचं ‘उव्वेअ’ होतं. उबगातला ग टिकला, कारण तो जोडाक्षरातून आला: उद्विग्न, उव्विग्ग, उबग. अग्नि, अग्गि, आग हीच वाट. द्व-चा ब ‘द्वादश’च्या ‘बारा’त दिसतो, मधल्या इ-चा अ ‘हरिद्रा’च्या ‘हळदी’त.

– याला ज्ञानेश्वरीचा सुंदर आधार आहे. गीतेच्या 12व्या अध्यायातल्या ‘नोद्विजते’वर (उद्विग्न होत नाही, यावर) ज्ञानेश्वर 1290 मध्ये लिहितात, ‘जळचरीं नुबगिजे समुद्रु जैसा’. नुबगिजे म्हणजे न + उबगिजे. जलचरांमुळे समुद्र त्रासून जात नाही, असा अर्थ. रिकामपणाचा कंटाळा तिथे नाहीच.

– तो त्रास आजही शब्दात शिल्लक आहे. रविवारी दुपारी करायला काही नाही, तर कंटाळा येतो. तिथे ‘उबग’ लिहिलं की वाक्य फसतं. रोजच्या भांडणांचा, कोर्टाच्या तारखांचा उबग येतो. सोसणं आणि बराच काळ, दोन्ही हवेत.

प्रश्न: मग वीट?

– वीट अतिपरिचयाचा. रोज भेंडीची भाजी खाल्ली की वीट येतो. विटलेला रंग, विटका सदरा यांच्याशी त्याची जवळीक आहे. तोही पुल्लिंगी: ‘वीट आला’. ‘वीट आली’ म्हटलं तर भट्टीवरची वीट आली, ती ‘इष्टका’पासूनची.

– कंटाळ्याबद्दल एक भर. ‘कंटाळा येणे’ आपोआप घडतं, ‘कंटाळा करणे’ यात आळसाचा ठपका असतो. ‘मुलगा लिहायचा कंटाळा करतो’ म्हणतात. ‘उबग करतो’ किंवा ‘वीट करतो’ होत नाही. गुजरातीतही ‘कंटाळो’ येतो, तो याचाच भाऊबंद.

– विभक्तीही सांभाळा: नाम असेल तर ‘भांडणांचा उबग आला’, क्रियापद असेल तर ‘भांडणांना उबगलो’. ‘भांडणांचा उबगलो’ चूक.