सुगावा फाशावर सोडायचा का? (स्किल चेकबद्दल, म्हणजे पात्राला एखादी गोष्ट जमते का ते फासा टाकून ठरवण्याबद्दल)

डीएम, विश्रामबाग: गेल्या रविवारी आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (आपापलं पात्र घेऊन गोष्ट खेळायची; ती चालवणारा डीएम, म्हणजे मी) डाव तासभर अडून बसला, आणि चूक माझी होती. देवळाच्या तळघरातून गुप्त वाट सापडायची होती. आमच्यातली नववीतली मुलगी म्हणाली, "दिव्याची ज्योत कुठल्या भिंतीपाशी हलते ते बघते." इतकं नेमकं सांगूनही मी तिला इन्व्हेस्टिगेशनचा, म्हणजे शोधाशोधीचा रोल मागितला: वीस बाजूंच्या फाशाचं दान अधिक पात्राचा बोनस, बेरीज निदान डीसीइतकी हवी. डीसी १५, तिचा बोनस ५. दान पडलं ४. "काही दिसत नाही," मी म्हणालो. मग बाकीच्या तिघांनी फासे टाकले, कुणालाच जमलं नाही, आणि पुढची सगळी गोष्ट त्या भिंतीपलीकडे. भडंगाची परात संपली. ती पोर नंतर बोललीच नाही.

माझं म्हणणं एवढंच: दान फसलं तर पुढं काय घडणार हे ठाऊक नसेल, तर फासा मागूच नये.

कृष्णाकाठ: मला हे पटत नाही. मी भिडस्त माणूस, चार लोकांत तोंड उघडत नाही. म्हणून बार्ड घेतला, गाण्या-बोलण्यात तरबेज असं पात्र. करिष्मा (छाप पाडायची ताकद) १८, त्याचे ४, पर्सुएशनमधल्या (मन वळवण्यातल्या) प्रावीण्याचे २, पहिल्याच लेव्हलला बोनस ६. तो आकडा म्हणजे माझी जीभ आहे. "छान बोललास, रोल नको" असं सुरू झालं की बोलघेवड्याचं फुकटात भागतं आणि मी त्या आकड्यावर केलेला खर्च पाण्यात जातो. त्या मुलीनं ज्योत सुचवली ना, मग ॲडव्हांटेज द्यायचं. दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. ५५ टक्क्यांचे जवळजवळ ८० होतात.

डीएम, विश्रामबाग: ८० झाले तरी पाचात एकदा भिंत बंदच राहणार. पहारेकरी पटला नाही तर तो ओरडतो, झटापट होते, डाव पुढं सरकतो. तिथं तुमचा रोल हवाच, आणि सुंदर बोलता आलं नाही तरी हवा. बंद भिंत मात्र नुसती बंद असते.

साताऱ्याहून: रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारे कितीतरी जण आमच्याकडे आहेत. त्यांना रस्त्यानं वर जायला कुणी रोल मागेल का? तोच चढ रात्री, पावसात, मागं शत्रू लागलेला असताना आडवाटेनं चढायचा असेल, तर जरूर मागा. आणखी एक, दान १ पडलं की स्किल चेक आपोआप फसतो असं बरेच डीएम धरून चालतात. २०१४ च्या नियमांत तसं नाही, ते हल्ल्याच्या रोलला लागू आहे. बोनस ९ असेल तर १ पडूनही डीसी १० पार होतो. मिरजेतला मुरलेला सतारमेकर वीसातून एकदा तार लावायला चुकतो का?

डीएम, विश्रामबाग: अगदी. १९७४ साली खेळ आला तेव्हा स्किलची यादीच नव्हती. कुठं बघतो, काय चाचपतो ते तोंडानं सांगायचं. १९७५ मध्ये चोराचं पात्र आलं, सापळे काढायचे टक्के आले, आणि तिथून हा प्रश्न सुरू झाला.

कृष्णाकाठ: त्या तोंडी पद्धतीत डीएमचं मन ओळखणारा जिंकायचा. नवख्याला ते कुठून जमणार? टक्के आले म्हणून माझ्यासारखा टेबलावर बसू शकला.

साताऱ्याहून: मधला मार्ग सांगू? वाट सापडणारच, पण दान फसलं तर तेवढ्यात दिव्यातलं तेल संपलं, वर पावलं वाजली. फासा किंमत ठरवेल.

कृष्णाकाठ: नेहमी तसं केलं की खेळणाऱ्यांच्या लगेच लक्षात येतं, आणि दान टाकताना छातीत जे धडधडतं ते जातं. मला ते धडधडणं हवंय. एकाच भिंतीवर सगळी गोष्ट टांगली, ही चूक आखणीची. तिच्यापायी फाशाला का हाकलता?

डीएम, विश्रामबाग: आखणीचं मान्य. या रविवारी विहिरीतून दुसरी वाट ठेवतोय, आणि डीसी आधी सांगून मगच रोल मागेन. पण त्या मुलीच्या बाबतीत माझं मत तेच आहे. काल तिला निरोप पाठवला: ज्योत हलली होती, पूर्वेच्या भिंतीपाशी.