हशा, 'फ्रेंड्स' आणि 'फॉल्टी टॉवर्स'

मागून ऐकू येणाऱ्या हशामुळे 'फ्रेंड्स' ही अमेरिकन विनोदी मालिका आता बघवत नाही, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. त्या मालिकेचं बरंचसं चित्रीकरण स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर व्हायचं. रंगमंचावरचा नट हशा ओसरेपर्यंत थांबतो ना, तसे यातले सहा मुख्य कलाकार थांबतात. चँडलर झालेल्या मॅथ्यू पेरीचं टायमिंग तर त्या थांबण्यातच आहे. हशा काढून टाकला तर ती दृश्यं लंगडी पडतात.

'मॅश' या लष्करी रुग्णालयावरच्या अमेरिकन मालिकेची गोष्ट वेगळी. तिथे सीबीएस या वाहिनीच्या आग्रहाखातर हशा नंतर चिकटवला होता. निदान शस्त्रक्रियेच्या दृश्यांत तो नको, यावर निर्माते ठाम राहिले, हे फार बरं झालं. बीबीसीने ती मालिका हशाविना दाखवली. जमलं तर तशीच बघा. कोरियन युद्धातलं ते दुःख मग अंगावर येतं.

'फ्रेंड्स'मध्ये मला खरंच खटकतं ते मोनिकाच्या जुन्या लठ्ठपणावरचे आणि चँडलरच्या वडिलांवरचे विनोद. दहा सीझनमध्ये ते पुन्हापुन्हा येतात आणि दरवेळी तितकेच हिणकस वाटतात. शेवटचे दोन सीझन तर ओढूनताणून केलेले आहेत. रेचल-जोईच्या प्रेमप्रकरणाची काहीच गरज नव्हती.

उलट 'फॉल्टी टॉवर्स' ही एका हॉटेलात घडणारी ब्रिटिश विनोदी मालिका बघा. 1975 आणि 1979 मिळून फक्त 12 भाग! वेटर मॅन्युएलला सतत मारणं आज बोचतं, हे मान्य. पण एका थापेवर दुसरी थाप रचत हॉटेलमालक बेसिल ज्या वेगाने गाळात जातो, तशी घट्ट वीण 'साइनफेल्ड' या अमेरिकन मालिकेच्या उत्तम भागांतच पुन्हा दिसली.