मदत हवी आहे: हाल्विंगचं चक्र आणि विक्रीची वेळ

निव्वळनफा
लांब मुदतीसाठी घेतलेली क्रिप्टो आहे. ७० टक्के बिटकॉइन, २० टक्के ईथर, १० टक्के किरकोळ नाणी. कर्ज किंवा लेव्हरेज नाही. बेत असा: हाल्विंगनंतर (साधारण दर चार वर्षांनी नव्या बिटकॉइनचा पुरवठा निम्मा होतो, ते) १८ महिन्यांनी सगळं विकायचं, मंदीत परत घ्यायचं. दोन प्रश्न:
१. हा १८ महिन्यांचा आडाखा कितपत धरून चालावा?
२. विक्रीचा भाव ठरलेला असूनही तिथे पोचल्यावर 'अजून थोडं थांबू' असं होतं. त्यावर उपाय?
'धीर धरा' सोडून उत्तरं हवीत.

शेंडाबुडखा
आडाखा फार थोड्या उदाहरणांवर उभा आहे. नोव्हेंबर २०१२ च्या हाल्विंगनंतर शिखर साधारण १२ महिन्यांनी आलं, जुलै २०१६ नंतर १७ आणि मे २०२० नंतर १८ महिन्यांनी. झाली तीन उदाहरणं! त्यातही २०२१ मध्ये एप्रिलला ६४ हजार डॉलरच्या वर, जुलैत ३० हजारांच्या खाली आणि नोव्हेंबरात ६९ हजार, असा प्रवास होता. जुलैत कितीजणांनी 'चक्र संपलं' म्हणून माल काढला असेल? एप्रिल २०२४ च्या वेळी तर हाल्विंगच्या महिनाभर आधीच जुना उच्चांक मोडला. तोवर कधीच तसं झालं नव्हतं. जानेवारीत अमेरिकेत स्पॉट ईटीएफला (प्रत्यक्ष बिटकॉइन धरणारे, शेअरसारखे घेता येणारे फंड) मंजुरी मिळून मागणीची बाजूच बदलली होती.

हाल्विंगचा स्वतःचा जोरही ओसरत चाललाय. व्यवहारांच्या दर ब्लॉकमागे (गठ्ठ्यामागे) मायनरना मिळणारं नव्या नाण्यांचं बक्षीस ५० वरून २५ झालं तेव्हा रोजचा नवा पुरवठा सुमारे ३,६०० नाण्यांनी घटला. ६.२५ वरून ३.१२५ झालं तेव्हा जेमतेम ४५० ने. तेव्हा कॅलेंडर बघून सगळं एकदम विकू नका.

आकडेमोड
दुसऱ्या प्रश्नाचं. 'थांबू' वाटतं कारण तुलनेचा आकडा सरकतो. १०० चे ५०० झाले आणि मग ४०० वर आले, की तिप्पट नफा दिसत नाही, गेलेले १०० दिसतात. मानसशास्त्रज्ञ काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला संदर्भबिंदू तो हाच. मग ५०० परत येण्याची वाट बघत माणूस १५० पर्यंत उतरतो. म्हणून निर्णय भाव लांब असतानाच घ्यायचा आणि ऑर्डर लावून मोकळं व्हायचं.

खरेदी १०० ला धरून शिडी अशी:
दुप्पट भावाला मूळ नगांपैकी २५ टक्के विका, हाती ५०. तिप्पटला २० टक्के, हाती ६०. इथे मुद्दल सुटलं. पाचपटीला १५ टक्के, हाती ७५. उरले ४० टक्के.

आता पाचपटीवरून भाव ७७ टक्के पडला असं धरा, २०२१-२२ मध्ये बिटकॉइन तेवढाच पडला होता. उरलेल्या नगांचे ४६, हातातले १८५, एकूण २३१. काहीच न विकणाऱ्याकडे ११५. पण भाव दहापट झाला तर शिडीवाल्याचे ५८५ आणि न विकणाऱ्याचे १,०००. ही किंमत आजच मान्य नसेल तर शिडी लावूच नका, मधेच मोडली जाईल.

तीन ठिकाणी गडबड होते. पहिली, तिप्पट जवळ आली की ऑर्डर रद्द करून वर सरकवणं. दुसरी, स्टॉप-लिमिट, म्हणजे भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की विकायची, पण लिमिटपेक्षा कमी भाव न घेणारी ऑर्डर. मार्च २०२० सारख्या पडझडीत भाव लिमिट ओलांडून खाली जातो आणि माल विकलाच जात नाही. स्टॉप-मार्केट विकला जातो, पण मिळेल त्या भावाला. तिसरी, सगळी नाणी एक्स्चेंजवर ठेवणं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडालं तेव्हा शिड्यांसकट माल अडकला. पुढच्या एकाच पायरीपुरते नग तिथे ठेवा, बाकी आपल्या वॉलेटमध्ये. आणि करापुरते पैसे विक्रीच्याच दिवशी बाजूला काढा.

शेंडाबुडखा
यात भर. शिखर ओळखणारे निर्देशक ताप सांगतात, तारीख नाही. पाय सायकल टॉप (भावाच्या दोन सरासऱ्या एकमेकींना छेदल्या की शिखर सांगणारा निर्देशक) एप्रिल २०२१ ला वाजला, नोव्हेंबरला गप्प राहिला. भावाची २०० आठवड्यांची सरासरी तळ दाखवते म्हणत, पण २०२२ मध्ये भाव तिच्याखाली कित्येक महिने होता. फंडिंग रेट मात्र बघत जा, म्हणजे मुदत नसलेल्या फ्युचर्समध्ये तेजीवाले मंदीवाल्यांना देतात तो दर. नेहमीचा आठ तासांना ०.०१ टक्का, तो ०.०५ च्या वर आठवडाभर टिकला तर उसन्या पैशांवरचे खरेदीदार फार झालेत, पुढची पायरी थोडी अलीकडे घ्यायला हरकत नाही. पलीकडे मात्र कधीच नाही.

निव्वळनफा
हे नेमकं हवं होतं. परतखरेदी आणि ती १० टक्के नाणी?

आकडेमोड
परतखरेदी शिखरापासून ५५ टक्के घसरण झाल्यावर सुरू करा, ४० समान हप्त्यांत, दर आठवड्याला एक. भाव आणखी पडला म्हणून दोन हप्ते एकत्र घालायचे नाहीत. पैसे तळाआधीच संपतात ते त्यामुळेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये साडेपंधरा हजारांवर तळ लागला तेव्हा बरेचजण १० हजारांची वाट बघत बसले होते.

किरकोळ नाण्यांना हे लावू नका. २०१७ ची कितीतरी नाणी जुन्या उच्चांकाला परत गेलीच नाहीत. ९० टक्के पडलेलं नाणं खरेदीच्या भावाला यायला दहापट व्हावं लागतं. दुप्पटला निम्मं विकून मुद्दल काढा. दुप्पट न होता पडलं तर सरासरी खाली आणायला भर घालू नका.